कुहिलीचे बी आणि मेंदूतली शेपटी

आमच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात खाजकुहिली कुणी लावत नाही. ती आपली आपण कुंपणावर चढते. दिवाळीच्या आगेमागे तिला जांभळ्या फुलांचे घोस लोंबू लागतात आणि थंडीत शेंगांवर तपकिरी, मखमली लव धरते. त्या लवेला चुकून हात लागला तर माणूस अंग ओरबाडत सुटतो. लहानपणी दुसऱ्याच्या सदऱ्यात ती लव टाकण्याचा उद्योग आम्ही सगळ्यांनीच केला आहे आणि त्याबद्दल मारही खाल्ला आहे. शेण चोळणे हा त्यावरचा गावठी उतारा.

या वेलीच्या बीचा आणि माणसाच्या मेंदूत खोलवर दडलेल्या एका शेपटीवाल्या अवयवाचा जवळचा संबंध आहे, असे मला पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. नारायणगावच्या बाजारात आडत्याकडे हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. जुन्नर परिसरातले लेणी-शिलालेख पाहत हिंडणे आणि मिळेल ते वाचणे एवढाच काय तो माझा अभ्यास. या विषयाकडे मात्र मी कुतूहलाने वळलो नाही. एका चुकीमुळे वळलो. चूक माझी होती आणि तिची किंमत माझ्या वडिलांना मोजावी लागली.

तात्यांचा उंबरा

वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. भाताची थोडी खाचरे आणि हंगामात हिरडा गोळा करणे यावर त्यांनी संसार केला. ओंजळीत घेतलेला बाळहिरडा किती सुकला आहे हे ते हाताच्या अंदाजाने सांगत. वयाच्या साठीनंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मग सही बारीक होत गेली, इतकी की सोसायटीत ती जुळेना. पुढे चालणे बदलले. अंगणात नीट चालणारे तात्या घराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे उभे राहत. मागून कुणी हलकेच ढकलले तर तोल जाई.

आईने यावर स्वतःच एक उपाय शोधला. तिने ओटीवर वीतभर, दीड वीत अंतराने रांगोळीच्या आडव्या रेघा ओढल्या. तात्या त्या रेघांवर पाय टाकत सरळ आत आले. रेघ दिसली की पाऊल उचले, रेघ नसली की पाऊल अडे. आम्हाला तो चमत्कार वाटला. पुढे कळले की या आजारात असे होते आणि डॉक्टरही फरशीवर पट्ट्या मारायला सांगतात.

आणखी एक बदल आमच्या उशिरा लक्षात आला. तात्यांना चालता चालता काही विचारले की ते थांबत. एका वेळी दोन कामे जमेनात. ठरलेला बेत ऐन वेळी बदलला की ते गोंधळत. "तात्यांचं डोकं मंदावलं," असे आम्ही म्हणालो. ते मंदावले नव्हते. बराच वेळ दिला तर हिरड्याचा हिशेब ते अचूक सांगत.

पुण्याच्या डॉक्टरांनी निदान केले: कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार. गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून तीन वेळा. बरे वाटू लागले. मग आठवडे बाजारात जडीबुटी विकणाऱ्या एकाने मला सांगितले की कंपवातावर खरे औषध कवचबीज, म्हणजे आपल्या कुहिलीचे बी. मी चूर्ण आणले. गोळ्या बंद न करता सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे दुधातून देऊ लागलो. आपल्या मातीतले आहे, अपाय कसला होणार, असा विचार.

पहिला आठवडा अपूर्व गेला. तात्या अंगणाला फेऱ्या मारू लागले. तिसऱ्या आठवड्यात त्यांची मान आणि खांदे सापासारखे डोलू लागले, थांबवता थांबेनात. मळमळीने जेवण सुटले. रात्री ते उठून बसत आणि गोठ्यातले बैल सुटल्याचे सांगत. ते बैल विकून आम्हाला वीस वर्षे झाली होती. एका पहाटे बैल बांधायला म्हणून ते निघाले, चक्कर येऊन पायरीवर पडले आणि मनगट मोडले.

डॉक्टरांनी विचारले, "गोळीशिवाय दुसरं काही देता का?" मी खरे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही एकच औषध दोनदा देत होतात. गोळीत जे आहे, तेच त्या बीतही आहे."

त्या वाक्याने मला पुढची काही वर्षे वाचायला लावले.

शेपटीचे केंद्रक

गोळी आणि बी जिथे जाऊन काम करतात तो अवयव आधी पाहू. इंग्रजी पुस्तकांत त्याला कॉडेट न्यूक्लिअस म्हणतात. 'कॉडा' म्हणजे लॅटिनमध्ये शेपूट. मराठीत पुच्छकेंद्रक म्हणू. मेंदूच्या डाव्या-उजव्या गोलार्धांत एकेक असते. पुढे जाडसर डोके, मग निमुळते होत मागे गेलेले धड आणि शेवटी खाली वळून पुन्हा पुढे आलेली बारीक शेपटी, असा त्याचा इंग्रजी 'सी' अक्षरासारखा आकार. मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांतल्या बाजूच्या पोकळीला बिलगून हे केंद्रक वळते. त्याच्या बाहेरच्या अंगाला प्युटामेन नावाचा सोबती आहे. दोघांच्या मधून पांढऱ्या तंतूंचा जाड जुडगा जातो आणि त्याला छेदून करड्या पेशींचे पूल दोघांना जोडतात. त्यामुळे कापलेला भाग पट्टेरी दिसतो. म्हणून या जोडीचे नाव पट्टेरी पिंड.

थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ मध्ये मेंदूवरच्या आपल्या ग्रंथात या पट्टेरी पिंडाचे वर्णन केले. शिवरायांनी सुरतेवर पहिला छापा घातला ते हे वर्ष. साऱ्या संवेदना या पिंडात येतात आणि हालचालींच्या आज्ञा तिथूनच सुटतात, असा विलिसचा तर्क होता. तो तंतोतंत खरा नव्हता, पण दिशा चुकलेली नव्हती. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे या पिंडाचा आकार सर्वांना ठाऊक होता, नेमके काम मात्र उमगले नव्हते.

आज जे कळले आहे ते समजायला मला नाणेघाट उपयोगी पडला. कल्याणहून वर येणारा सातवाहनकाळचा माल घाटमाथ्यावरून जुन्नरात उतरे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे परंपरा सांगते. जुन्नरचा प्रत्येक पोर तो पाहून आलेला असतो. मेंदूची बाह्य साल म्हणजे कल्याणचे बंदर समजा. तिथून एकाच वेळी शेकडो बेत निघतात: हात उचलावा, मान वळवावी, बोलावे, थांबावे. सगळे एकदम सुटले तर कामच होणार नाही. म्हणून पुढे एक नाका आहे आणि तो नेहमी बंद असतो. मेंदूच्या मधल्या भागातले काही पेशीसमूह हालचालींच्या वाटेवर सतत लगाम ओढून बसलेले असतात. पुच्छकेंद्रक आणि प्युटामेन या नाक्यावरचे कारकून. कोणत्या बेताला वाट द्यायची आणि कोणाला अडवायचे, हे ते ठरवतात. एकाला परवाना मिळाला की त्याच्यापुरता लगाम सैल होतो.

कामाची वाटणीही आहे. सरावाच्या हालचाली, म्हणजे चालणे, बटण लावणे, मुख्यतः प्युटामेनच्या वाट्याला. पुच्छकेंद्रकाचे डोके कपाळामागच्या, विचार करणाऱ्या भागाशी जोडलेले. हेतू धरून केलेली कृती, बेत बदलणे, कशातून फायदा झाला ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी तेच निवडणे, नजर कुठे वळवायची ते ठरवणे, ही त्याची कामे. तात्या चालता चालता का थांबत आणि बदललेल्या बेताने का गोंधळत, याचा दुवा मला इथे सापडला. जी गोष्ट आम्ही म्हातारपणावर ढकलली, ती आजाराचाच भाग होती.

कारकुनाला परवाना देण्याचा हुरूप येतो तो डोपामिन नावाच्या द्रव्यामुळे. मेंदूच्या खालच्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा आहे. तिथून तंतू वर येतात आणि पुच्छकेंद्रक व प्युटामेनमध्ये डोपामिन सोडतात. ते वाट मोकळी करणाऱ्या पेशींना चालना देते आणि वाट अडवणाऱ्यांना आवरते. कंपवातात या काळ्या पेशी मरत जातात. हात थरथरू लागेपर्यंत पट्टेरी पिंडातले निम्म्याहून अधिक डोपामिन गेलेले असते. नाका असतो, कारकूनही असतात, पण परवाना निघत नाही. तात्यांचा उंबरा तो हाच. आईच्या रांगोळीची रेघ डोळ्यांवाटे दुसऱ्या वाटेने पावलाला आज्ञा देत होती, नाका चुकवून.

याच्या उलट एक आजार आहे. जॉर्ज हंटिंग्टनने १८७२ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात पुच्छकेंद्रकच झिजत जाते, त्याचे फुगीर डोके चपटे होते आणि माणसाचे हातपाय इच्छेविना नाचू लागतात. कारकून नाहीसा झाला की नाका उघडाच पडतो. मी तात्यांना दुप्पट औषध दिले तेव्हा त्यांची मान डोलत होती ती काहीशी अशाच उघड्या नाक्याची खूण होती.

एक वनस्पती रिकामे करणारी, एक भरणारी

हे सारे कळले कसे, याचा इतिहास मला सर्वांत विलक्षण वाटतो. कारण त्यात आपल्या दोन वनस्पती आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या आहेत.

जेम्स पार्किन्सनने लंडनमध्ये या आजारावरचा निबंध छापला तो १८१७ मध्ये, खडकीच्या लढाईच्या वर्षी. त्यात सहा रुग्णांचे वर्णन आहे. कारण त्याला सांगता आले नाही आणि पुढची १४० वर्षे कुणालाच आले नाही.

पहिली वनस्पती सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांचा अनुभव मांडून दाखवले की सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो. जग या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. ते औषध घेणाऱ्या काही रुग्णांत मात्र कंपवातासारखीच लक्षणे दिसू लागली.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करते आणि डोपा तो पुन्हा भरते, हे यातून उलगडले. मेंदूतले डोपामिन मुख्यतः पट्टेरी पिंडात असते हेही लवकरच दिसले. या कामासाठी कार्लसन २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

डोपा हे द्रव्य तोवर नवे नव्हते. १९१३ मध्ये बाझलच्या मार्कुस गुगेनहाइम यांनी ते बाकल्याच्या शेंगांतून काढले होते. अडीच ग्रॅम स्वतः गिळून पाहिले आणि त्यांना वांत्या झाल्या. त्यानंतर १९३७ मध्ये मद्रासला एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी डोपा ज्या बीतून वेगळे काढले ते होते खाजकुहिलीचे. बायोकेमिकल जर्नलमधला त्यांचा लेख रसायनशास्त्राचा आहे. कंपवाताशी त्याची सांगड तेव्हा कुणी घातली नाही, घालणे शक्यही नव्हते. औषध कुंपणावर होते, त्याचे रासायनिक नावही कळले होते, फक्त ते कुठल्या कुलपाची किल्ली आहे हे माहीत नव्हते.

कुलूप सापडले व्हिएन्नात. ओलेह होर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंतले पुच्छकेंद्रक आणि प्युटामेन वेगळे काढून त्यांतले डोपामिन मोजले. निरोगी माणसाच्या नमुन्यात रसायन घातल्यावर गुलाबी रंग उमटला. कंपवाताच्या रुग्णाच्या नमुन्यात तो जेमतेम दिसला. यंत्रात घालण्याआधीच होर्निकिएविच यांना तो फरक नुसत्या डोळ्यांनी कळला. हे १९६० साल. नमुने रुग्णांचे होते अवघे सहा. पुढच्याच वर्षी वॉल्थर बिर्कमायर यांनी रुग्णांच्या शिरेत लेव्होडोपा टोचले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही तासांपुरती उठून चालली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे, हळूहळू मात्रा वाढवत डोपा देऊन हा उपचार रोजच्या वापरात आणला. खुद्द डोपामिन का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत जाण्याची वाट त्याला बंद आहे. लेव्होडोपा ती ओलांडते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते.

मुंबईतले मोजमाप

आता किल्ली आणि कुलूप एकत्र आणण्याचे काम उरले होते. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत कंपवाताच्या रुग्णांना कुहिलीच्या बीचे चूर्ण देऊन पाहिले आणि १९७८ मध्ये न्यूरॉलॉजी इंडियामध्ये त्याचा निष्कर्ष छापला. पुढे त्या चूर्णावर प्रक्रिया करून ठरावीक मात्रेच्या पुड्या बनल्या. १९९५ मध्ये डॉ. बाला मन्यम आणि सहकाऱ्यांनी ६० रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांना एकदा गोळी आणि एकदा बीचे चूर्ण, कुणाला काय दिले हे न सांगता, देण्यात आले. तीस ग्रॅम चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. आठ माणसे म्हणजे फार नव्हेत. तरीही बीत ताकद आहे, हे त्यातून पक्के झाले.

माझ्या चुकीचे कारणही इथेच मिळाले. आजच्या गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असते. लेव्होडोपाचा बराचसा भाग मेंदूत पोचण्याआधीच शरीरात डोपामिन होऊन वाया जातो आणि मळमळ करतो. कार्बिडोपा ती गळती थांबवते, म्हणून थोड्या लेव्होडोपात काम भागते. नुसते चूर्ण घेतले तर त्यातला मोठा हिस्सा असाच गळतो. पण गोळीसोबत घेतले की गोळीतले कार्बिडोपा चूर्णातल्या लेव्होडोपाचेही रक्षण करते. मी चमच्याने जे ओतत होतो ते दुपटीहून किती अधिक होत होते, याचा हिशेब हिशेबनीस असूनही मी केला नव्हता. त्यातून बीत लेव्होडोपा किती, हे जातीवर, जमिनीवर आणि बी साठवण्यावर बदलते. आमच्या कुंपणावरच्या दोन वेलींत सारखे असेल याची हमी नाही.

श्रेय कोणाचे?

या विषयावर बोललो की लोक दोन गटांत विभागतात. एक म्हणतो, हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, गोऱ्यांनी फक्त नाव बदलले. दुसरा म्हणतो, जडीबुटीत काही नाही, सगळे प्रयोगशाळेने दिले. मला दोन्ही म्हणणी आळशी वाटतात.

आपल्या वैद्यांना बी ठाऊक होते. चरकाने आत्मगुप्ता या नावाने ते वाजीकरणात घेतले आहे. बी दुधात शिजवून, टरफल काढून मगच वापरायचे, ही शुद्धीची रीतही परंपरेने जपली. माधवनिदानात थरथरीच्या विकाराला वेपथु असे नाव आहे. पण मेंदूतल्या शेपटीत डोपामिन आटते, म्हणून या बीचा गुण येतो, हे कुठल्याच पोथीत नाही. विलिसपाशी आकार होता, काम नव्हते. दामोदरन-रामस्वामींपाशी द्रव्य होते, रोग नव्हता. होर्निकिएविच यांच्यापाशी रोगाचे कारण होते, आणि त्यांना तिथवर पोचायला सर्पगंधेच्या अर्काने गारठलेले ससे लागले. वैद्यांपाशी बी होते, माप नव्हते. प्रत्येकाच्या हातात एक तुकडा होता. ते तुकडे जुळले ते कुणीतरी मोजले तेव्हा.

तात्या हे सहज समजले असते. ओंजळीच्या अंदाजावर विश्वास ठेवणारा तो माणूस, पण हिरडा विकताना काट्यावर ठेवल्याशिवाय देत नसे. मी मात्र आपल्या मातीतले म्हणून काट्याशिवाय दिले. गोळ्यांचे वेळापत्रक पुन्हा बसवल्यावर त्यांची आणखी सहा वर्षे बरी गेली. मनगट मात्र नीट जुळले नाही. पातेल्यातला भात वाढून घेताना ते डावा हात वापरत आणि मी दुसरीकडे पाहत असे.

आता गावात कुणाच्या हाताला कंप आला की लोक मला विचारायला येतात, कुहिलीचे बी द्यावे का? मी औषध सांगत नाही. तीन गोष्टी विचारतो. निदान मेंदूच्या डॉक्टरांनी केले आहे का? रक्तदाबाची, मनाच्या आजाराची कोणती औषधे चालू आहेत, कारण काही औषधांनीही असा कंप येतो? आणि चूर्ण सुरू करण्याआधी ते गोळीच्या डॉक्टरांना सांगणार का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. मीही त्या वेळी असाच गप्प होतो.

तात्या गेले त्याला आता काही वर्षे झाली. आई दिवाळीत अजूनही ओटीवर आधी पाच आडव्या रेघा ओढते आणि मग त्यांच्या पुढे रांगोळी घालते. त्या रेघा कशाला, असे नातवंडे विचारतात. "आजोबांच्या वाटेच्या," एवढेच ती सांगते.